धागा: कोयता निघायच्या आधी — ऊसतोड कुटुंबांतली लेकरं शाळेत टिकवायची कशी?

सिंदफणा (धागाकर्ती)

पोळ्यापर्यंत बहुतेक कोयत्यांची (म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरलेली असते. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात आणि दिवाळीच्या सुट्टीत गाव अर्धं रिकामं होतं. शाळेच्या हजेरीपटावर मात्र ते दिसतं सुट्टी संपल्यावर. तोवर लेकरू सांगली-कोल्हापूरकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडावर पोचलेलं असतं. मग हंगामी वसतिगृहासाठी (मागे राहणाऱ्या लेकरांची सरकारी सोय) सर्वेक्षण, मग प्रस्ताव, मग मंजुरी. या सगळ्यात डिसेंबर उजाडतो.

म्हणून हा धागा. लेकरू सुटतं ते टोळी निघते त्या दिवशी नाही, त्याआधीच्या सहा आठवड्यांत कुणी काही न केल्यामुळे सुटतं. त्या सहा आठवड्यांत नेमकं काय करायचं ते इथं जमा करू. भावनिक लिहिण्यापेक्षा कामाचं लिहा.

सुरुवात मी यादीपासून करते. यादी हजेरीपटावरून करू नका, उचलीवरून करा. गावात किती कोयते उचललेत हे मुकादमाला (टोळी जमवून उचल देणाऱ्याला) तोंडपाठ असतं. त्याच्याशी भांडून हे काम होत नाही, त्याला शेजारी बसवूनच होतं. प्रत्येक कोयत्यामागे किती लेकरं आहेत ते लिहायचं, शाळेत न जाणारी आणि अंगणवाडीतली धरून.

एका लेकरासाठी एक पान ठेवा. नाव आधारवर आहे तसंच लिहा. इयत्ता, विद्यार्थी आयडी, कारखाना, टोळी कशाची आहे, मुकादमाचा नंबर, बापाचा नंबर, मागे घरात कोण राहणार, त्या माणसाचं वय आणि तब्येत, आणि पाठचं भावंड किती वर्षांचं. शेवटच्या तीन गोष्टी बहुतेक याद्यांत नसतात, आणि लेकरू राहणार की जाणार हे त्याच ठरवतात. घरात सत्तरीची, डोळ्यांनी अधू आजी असेल तर ‘मूल गावातच राहणार’ या शेऱ्याला काही अर्थ नाही. दीड वर्षाचं भावंड आईबरोबर निघणार असेल, तर ते सांभाळायला दहा वर्षांची ताई जाणारच.

---

दुधना

पूर्ण सहमत. ‘टोळी कशाची’ हा रकाना का हवा ते सांगतो, कारण नवीन कार्यकर्ते तो सोडून देतात.

टायरगाडीवाली कुटुंबं बैलं घेऊन जातात. त्यांचा अड्डा कारखान्याजवळ पडतो आणि सहसा हंगामभर तिथंच राहतो. पन्नास-शंभर कोप्या (पाचटाच्या झोपड्या) एका जागी असतात. अशा ठिकाणी तिकडच्या शाळेत नाव घालता येतं, अड्ड्यावर वर्गही चालवता येतो. साखरशाळा मुख्यतः अशाच तळांवर चालल्या. ट्रॅक्टरच्या टोळ्यांचं आणि डोकी सेंटरचं (डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्या टोळ्यांचं) तसं नसतं. फड संपला की कोप्या मोडून पुढच्या गावाला. त्या लेकराला तिकडच्या शाळेत घातलं तरी तीन आठवड्यांत ते पुन्हा बाहेर पडतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. ट्रॅक्टर टोळीच्या लेकराला काहीही करून गावात ठेवा, सगळी ताकद तिथं लावा. गाडीवाल्यांचं लेकरू जाणारच असेल तर त्याची तिकडची शाळा निघण्याआधी ठरवा. ‘राहिलं तर बरं’ असं सगळ्यांना सारखं सांगत फिरलो की दोन्हीकडचं काम पातळ होतं.

---

बिंदुसरा

नवीन आहे, म्हणून विचारते. आमच्या वाडीत एकेका आजीकडे सहा-सहा नातवंडं राहतात. तीन लेकांची मिळून. ती स्वयंपाक करणार, पाणी भरणार की अभ्यास घेणार? हंगामी वसतिगृह मंजूर झालं की प्रश्न सुटतो का?

---

मांजरा

बिंदुसराताई, नावात वसतिगृह असलं तरी बहुतेक गावांत लेकरं तिथं झोपत नाहीत. सकाळचं आणि संध्याकाळचं जेवण शाळेत, दुपारचं पोषण आहारातून, आणि रात्री आजीकडे. चालवते शाळा व्यवस्थापन समिती. तरीही आजीच्या डोक्यावरचा सगळ्यात मोठा बोजा उतरतो, तो चुलीचा. आजीला सहा लेकरं जड होत नाहीत, सहा लेकरांचं दोन वेळचं जेवण जड होतं. ते एकदा उतरलं की ‘ठेवून जा’ असं तीच लेकाला सांगते.

आता जेवणाचा हिशेब, ३० लेकरं धरून. पोषण आहाराचं प्रमाण पाचवीपर्यंत धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम असं आहे. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. संध्याकाळच्या जेवणाला सगळ्यांसाठी वरचं प्रमाण धरा, कारण रात्री घरी दुसरं काही मिळणार नसतं. म्हणजे ज्वारीचं पीठ रोज साडेचार किलो, डाळ ९०० ग्रॅम, भाजी सव्वादोन किलो. तेल मी पाव किलोच्या जरा वर, ३०० ग्रॅम धरतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर पीठ ११७ किलो, डाळ साडेतेवीस किलो, तेल आठ किलोच्या आत.

चुका कुठं होतात ते सांगतो. पहिली म्हणजे महिन्याची ज्वारी एकदम दळून आणतात. दहा-बारा दिवसांत पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना चिरते, मग बाई पिठात मैदा कालवतात आणि लेकरं निम्मी भाकरी टाकतात. दळण आठवड्याचंच करा. दुसरी चूक एकाच तव्याची. साडेचार किलोच्या साधारण ४५ भाकरी होतात. एका तव्यावर एक भाकरी तीन मिनिटं धरली तरी सव्वादोन तास लागतात. पहिल्या भाकरी गार होऊन वातड झालेल्या असतात आणि शेवटच्या रांगेला डाळ उरत नाही. दोन बाया आणि दोन तवे हवेत. चारला चूल पेटली तर साडेपाचला पंगत बसते. आठवड्यातून दोनदा खिचडी ठेवली तर बायांना उसंत मिळते. सकाळी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी चालते. धपाट्यात ज्वारीसोबत बेसन आणि मेथी पडते, पोट भरतं.

मंजुरी येईपर्यंतचे तीन-चार आठवडे हीच खरी खिंड आहे. त्याच आठवड्यांत आया ‘इथं उपाशी ठेवण्यापेक्षा नेते’ म्हणतात. तेवढ्यापुरतं धान्य गावातून आधीच जमवून ठेवा. वर दिलेल्या हिशेबाने एका महिन्याच्या संध्याकाळच्या जेवणाला सव्वा क्विंटलच्या आत ज्वारी लागते. गावातल्या पंधरा खातेदारांनी आठ-आठ किलो दिली तरी होते. पैसे मागितले की चर्चा सुरू होते, धान्य मागितलं की पोतं सोडतात.

---

तेरणा

मांजरा सरांनी पंगतीची वेळ साडेपाच सांगितली ती फार महत्त्वाची आहे. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेसातला जेवण ठेवलं तर बारा वर्षांची मुलगी अंधारात एकटी वस्तीवर परत जाते. मग आठवड्याभरात आजी तिला पाठवणं बंद करते, आणि हजेरीत लिहिलं जातं ‘पालकांची अनास्था’. वेळ बदला, मुली येतात.

मुलींसाठी आणखी थोडं. अकरा वर्षांच्या वरच्या प्रत्येक मुलीच्या पानावर ‘रात्री कुठं झोपते, त्या घरात आणखी कोण असतं’ हे लिहिलेलंच हवं. घरात म्हातारे आजोबा एकटेच असतील, किंवा नात्यातला तरुण पुरुष येऊन-जाऊन असेल, तर ती व्यवस्था पुरेशी धरू नका. शेजारच्या आजीकडे तीन-चार मुलींची एकत्र सोय लावा. गावातली एक बाई ठरवून रोज जेवणानंतर मुलींना वस्तीपर्यंत सोडू द्या. मिरवणूक नको, बाई आणि बॅटरी पुरे. पॅडचा सहा महिन्यांचा साठा निघण्याआधी मुलीच्या हातात द्या, आजीकडे नको. आजीला त्यातलं माहीत नसतं आणि मुलगी मागायला लाजते.

सहावीपासून पुढच्या मुलींना कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय हा निवासी पर्याय असतो, पण ते शैक्षणिकदृष्ट्या मागास ठरवलेल्या तालुक्यांतच आहे. त्याचा प्रवेश जूनमध्ये पाहावा. ऑक्टोबरात जागा नसते.

---

काळी_माती

या गावपातळीच्या व्यवस्थेवर एवढा भर का द्यायचा ते कळत नाही. सहा महिने आजीच्या भरवशावर ठेवण्यापेक्षा कायमचं निवासी वसतिगृह बरं. संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ पासून आहे. ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० ची क्षमता, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं. शिरूर कासारच्या आर्वीत शांतिवनसारखी संस्थाही याच लेकरांना निवासी शिक्षण देते आहे. तिकडं पाठवा ना.

---

सिंदफणा

दादा, पाठवायचंच. पण वसतिगृहाचं वय बघा. ती योजना पाचवीपासून पुढच्यांची आहे. सगळ्यात जास्त लेकरं सुटतात ती पहिली ते चौथीतली, कारण ती आईला सोडून राहत नाहीत आणि आईही त्यांना सोडत नाही. सात वर्षांच्या लेकराला शंभर मुलांच्या वसतिगृहात टाकणं मला पटत नाही. त्याला आजीच्या कुशीत झोपता यावं आणि पोटभर जेवण मिळावं, एवढं गावातच होऊ शकतं. पाचवीनंतर वसतिगृह, तोवर गाव, अशी विभागणी धरली तर दोघांचंही बरोबर आहे.

---

पूर्णाकाठ

कायद्याचं आणि पोर्टलचं लिहितो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. चार कलमं पाठ ठेवा.

कलम ४: शाळेबाहेरच्या लेकराला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण. दहा वर्षांचं आहे म्हणून चौथी-पाचवीत, पहिलीत नाही. प्रशिक्षण कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ५: शाळा बदलण्याचा हक्क. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. कलम ९: स्थलांतरित कुटुंबांतल्या बालकांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी. कलम १४: जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

कारखान्याकडच्या शाळेत ‘टीसी आणा’ असं ऐकवलं जातं. वाद घालू नका, कलम ५ सांगून लेखी अर्ज द्या आणि पोच मागा. पोच मागितली की बहुतेक वेळा प्रवेश होतो.

आता सगळ्यात नुकसान करणारी चूक. बाप घाईत येतो, टीसी मागतो, शाळा देऊन मोकळी होते. हंगामी स्थलांतराला टीसी देऊ नका. शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे लेकराची इयत्ता सांगणारं, तिकडच्या शाळेत दाखवायचं कार्ड. नाव आपल्याच पटावर राहू द्या. विद्यार्थी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर एका मुलाची नोंद एकाच शाळेत असते. टीसी दिली आणि तिकडच्या शाळेने ओढून घेतलं नाही, तर लेकरू दोन्हीकडून गायब. मार्चमध्ये परत आलं की पुन्हा सगळी खटपट.

हमी कार्डाच्या तीन प्रती करा. एक लॅमिनेट करून आईकडे द्या, बापाकडे नको, कारण बापाचा खिसा भिजतो आणि आईची पिशवी कोपीत खुंटीला असते. एक मुकादमाकडे, एक शाळेत. आणि मुखपृष्ठाचा फोटो घरातल्या फोनमध्ये. कार्डावर इयत्तेबरोबर लेकराला काय येतं तेही लिहा: ‘जोडाक्षरं वाचतो, हातच्याची वजाबाकी येत नाही’. ‘तिसरी’ एवढंच वाचून तिकडच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. तिथून निघताना तिकडच्या मुख्याध्यापकांकडून हजेरीचा दाखला घ्यायला सांगा. वर्षअखेरीला तो लागतो.

---

बिंदुसरा

पूर्णाकाठ सर, धन्यवाद. रेशनचं विचारायचं राहिलं. कुटुंब गेलं की कार्डावरचं धान्य मिळतं का मागे राहणाऱ्या लेकरांना?

---

पूर्णाकाठ

कार्डावरचा कोणताही सदस्य रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा देऊन धान्य उचलू शकतो. म्हणून मागे राहणारी आजी त्याच कार्डावर आहे का ते आधी बघा. बऱ्याचदा तिचं नाव वेगळ्या कार्डावर असतं, आणि नातवंडांचं नाव लेकाच्या कार्डावर. लेक-सून गेले की अंगठा द्यायला मोठं माणूस उरत नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव जोडायचा अर्ज ऑगस्टमध्येच द्या. दुसरं, म्हातारीचा अंगठा झिजलेला असतो, मशीन घेत नाही. आधार केंद्रावर तिचे बोटांचे ठसे नव्याने घ्या. आणि कुटुंबाला तिकडंही त्याच कार्डावर धान्य उचलता येतं. सगळं तिकडंच उचललं तर इथं काही उरत नाही. किती इथं, किती तिकडं, हे निघण्याआधी घरात बोलून ठरवायला लावा.

---

मन्याड

शिकवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. लेकरू शाळेत बसवलं की काम झालं असं नसतं. पाचवीत बसलेलं, पण दुसरीचा उतारा न येणारं लेकरू रोज पाच तास नुसतं ऐकत राहिलं, तर पुढच्या हंगामात ते स्वतःच कोयता धरतं.

सुरुवातीला प्रत्येक लेकराची एकट्याने चाचणी घ्या. समोर बसवून, पाच ते सात मिनिटं. वाचनाचे पाच स्तर: काहीच नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. परिच्छेदापासून सुरू करा. जमला तर गोष्ट द्या, अडलं तर शब्दांवर या, तिथंही अडलं तर अक्षरांवर. अक्षरांपासून सुरू केलं तर ज्याला येतं तेही बिचकतं. गणितात एक ते नऊ अंक ओळख, १० ते ९९, हातच्याची वजाबाकी, भागाकार. वर्ग सोडून स्तराने गट पाडा. चौथीचं आणि सातवीचं लेकरू एका गटात बसलं तरी चालतं, फक्त मोठ्याला गटप्रमुख करा, म्हणजे त्याची मान खाली जात नाही.

रोज दीड ते दोन तास, एका गटात वीसच्या वर नकोत. अक्षर गटाला बाराखडीचा तक्ता भिंतीवर नको, जमिनीवर अंथरा आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू द्या. ‘क’ च्या ओळीवरून ‘म’ च्या ओळीवर उडी मारायला लावली की पाठांतर आहे की वाचन ते लगेच कळतं. दशकाला ज्वारीच्या धाटाच्या काड्या घ्या, दहाचा गठ्ठा रबराने बांधा. वजाबाकीत हातचा समजत नाही तो याच ठिकाणी: ४२ मधून १७ काढताना गठ्ठा प्रत्यक्ष सोडायला लावा. दोन सुट्या काड्या हातात असतात, सात द्यायच्या असतात, मग लेकरू स्वतःच रबर काढतं. ते रबर काढणं म्हणजेच हातचा. तीन-चार दिवस हेच करा, वहीत नंतर या.

दर पंधरा दिवसांनी पुन्हा तीच चाचणी. ज्याचा स्तर सलग दोनदा हलला नाही, त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. शाळा आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा अशी नावं आधीच काढून ठेवा.

तांड्यावरच्या शाळांसाठी एक वेगळी गोष्ट. घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारं लेकरू पहिलीत ‘भाकरी’ ऐकून गप्प बसतं, त्याला ‘बाटी’ माहीत असते. आईला ते ‘याडी’ म्हणतं. हे लेकरू मंद नाही, त्याला प्रश्नच पोचलेला नाही. पहिले दोन-तीन महिने चित्राखाली दोन्ही शब्द लिहा, तोंडी उत्तर गोरमाटीत घ्या आणि मराठीत परत सांगा. तांड्यावरची बारावी झालेली मुलगी मदतनीस म्हणून घेतली तर हे सगळ्यात सोपं होतं.

---

गोदाकाठ

आम्ही पुण्यातले पाचसहा मित्र, मूळचे गेवराई-माजलगाव भागातले. दिवाळीत गावी येताना दोनशे लेकरांना दप्तरं आणि वह्या द्यायचा विचार आहे. लेकरांचे फोटो आणि थोडी माहिती मिळाली तर इतरांनाही मदतीला उभं करता येईल.

---

तेरणा

गोदाकाठ दादा, मदत नक्की हवी, पण फोटो आणि माहिती देता येणार नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ‘आईवडील सहा महिने बाहेर, मुलगी अमुक गावात आजीसोबत एकटी’ ही माहिती फोटोसकट शंभर ग्रुपांवर फिरणं किती धोक्याचं आहे, विचार करा. फोटो काढायचाच तर पंगतीतल्या ताटांचा काढा.

आणि दप्तरांऐवजी दुसरं सुचवते. वह्या कुणी ना कुणी देतंच. जे मिळत नाही ते असं: संध्याकाळच्या पंगतीचं तेल आणि डाळ, मुलींसाठी पॅड, सौरदिवे, आणि एका स्वयंसेविकेचं सहा महिन्यांचं मानधन. गाडीवाल्यांबरोबर जाणाऱ्या लेकरांना सौरदिवा खरोखर उपयोगी पडतो. कोपी पाचटाची आणि ताट्यांची, तिथं चिमणी लावून अभ्यास करणं म्हणजे आग लावून घेणं. दिव्याला दोरी बांधून द्या, म्हणजे दिवसा कोपीच्या वर टांगून चार्ज होतो.

---

गोदाकाठ

समजलं ताई. फोटोचा विचार सोडला. तेल-डाळ आणि दिवे आमच्याकडे धरा. किती कोयते गाडीवाले, ते यादीवरून कळवा.

---

दुधना

पाठच्या भावंडाचा मुद्दा वर आला, त्यावर. मोठ्या मुलीची शाळा वाचवायची असेल तर आधी दीड वर्षाच्या पोराची सोय लावा. आई पहाटे तीन-चारला फडात जाते. तान्हं कुणाकडे? म्हणूनच ताईला नेतात. तिकडच्या अंगणवाडीत नाव लागलं तर तीन वर्षांवरच्यांना गरम आहार आणि बसायला जागा मिळते, लहानग्यांना घरपोच आहार. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या ॲपवर) स्थलांतराची नोंद करता येते. इथल्या सेविकेने निघण्याआधी नोंद केली तर तिकडच्या सेविकेला नव्याने सगळं भरावं लागत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत द्या, राहिलेल्या लसीवर पेनाने गोल करा आणि तारीख टाका.

शक्य असेल तिथं तान्हं सोडून बाकीची सगळी गावात ठेवा आणि अड्ड्यावर एका वयस्क बाईला दहा-बारा कोप्यांची तान्ही सांभाळायला सगळ्यांनी मिळून पैसे द्यावेत. मुकादमाने मनावर घेतलं तर हे जमतं.

---

लेंडी

मी वेगळ्या गटाबद्दल लिहिते: बाप गेलेली, आई एकटी कोयत्याला जाणारी, आत्महत्याग्रस्त कुटुंबांतली लेकरं. त्यांच्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे. महिन्याला २,२५० रुपये, वय १८ पर्यंत. दोन्ही पालक नसलेल्यांना आणि एकच पालक असलेल्यांनाही.

कागद: अर्ज, लेकराचं आणि पालकाचं आधार, मृत्यू दाखला, शाळेचं बोनाफाईड, तलाठ्याचा उत्पन्न दाखला, रेशनकार्ड, बँक पासबुक, घरासमोर पालकासह फोटो. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज जातो, गृहचौकशी होते आणि बाल कल्याण समितीचा आदेश निघतो.

अडतं कुठं, तर गृहचौकशीला. अर्ज सप्टेंबरात दिला तर चौकशी नोव्हेंबरात होते, आणि घराला कुलूप. अर्ज जूनमध्येच द्या. दुसरं म्हणजे मृत्यू दाखल्यावर बापाचं नाव वेगळं आणि लेकराच्या आधारवर वेगळं. दाखला दुरुस्त करण्यापेक्षा आधार दुरुस्त करणं लवकर होतं. तिसरं, खातं आधारशी जोडलेलं नसतं किंवा वर्षभर व्यवहार नसल्याने बंद पडलेलं असतं. पन्नास रुपये भरून आणि केवायसी करून ते जागं ठेवा. दरवर्षी नूतनीकरणाची तारीख आईच्या नाही, सेविकेच्या वहीत लिहा.

आणि अनाथ लेकरू नात्यातल्या कुणी ‘सांभाळतो’ म्हणून कोयत्यावर नेत असेल तर १०९८ वर कळवा. चोवीस तास चालू असतो, फोन मोफत.

---

बिंदुसरा

लेंडीताई, एक अवघड विचारते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची लग्नं निघण्याआधीच उरकतात. लग्न झालं की जोडी होते, म्हणजे पूर्ण कोयता आणि पूर्ण उचल. आईवडीलही म्हणतात, मागे एकटी ठेवायची भीती वाटते. तिथं नेमकं काय करायचं?

---

लेंडी

तुम्ही कारण बरोबर सांगितलंत. उचल आणि भीती, दोन्ही खरी आहेत. भीतीचं उत्तर तेरणाताईंनी वर दिलंय: रात्रीची सोय पक्की झाली की निम्म्या घरांत विषय मागे पडतो. उरलेल्या ठिकाणी कायदा.

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. मुलगी १८, मुलगा २१. गावात प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवक असतो. तारीख कळताच त्याला लेखी द्या, १०९८ ला कळवा. लग्न दोन दिवसांवर असेल तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो. हुकूम मोडून लावलेलं लग्न कायद्याने शून्य ठरतं. नुसतं समजावून लिहून घेतलं तर बऱ्याचदा दुसऱ्या गावच्या देवळात लग्न लागतं, म्हणून हमीपत्रासोबत मुलीची पुढची सोय त्याच दिवशी ठरवा: वसतिगृह, कुठल्या तारखेपासून, कोण सोडणार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत, लावून देणाऱ्यालाही. हे भटजी, मंडपवाला आणि आचारी यांना पोळ्यानंतरच जाऊन सांगा. वधूपक्षाला शेवटच्या दिवशी सांगण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. खबर देणाऱ्याचं नाव कुणालाही सांगू नका, गावातल्या मिटिंगमध्ये तर अजिबात नाही.

शाळा सुटायचं दुसरं कारण अंतर असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्या खास मुलींसाठी धावतात. गाडीची वेळ शाळेशी जुळत नसेल तर आगारप्रमुखांना मुख्याध्यापकांचं पत्र आणि मुलींची संख्या द्या. संख्या लिहिली नाही तर पत्र पडून राहतं.

---

मन्याड

पट्टा पडल्यावरचं, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरचं, थोडं. मार्च-एप्रिलमध्ये लेकरं परत येतात तेव्हा शाळा परीक्षेच्या गडबडीत असते. आल्या दिवशी चाचणी घ्या, पेपर नको. उन्हाळ्यात ३०-४० दिवस सकाळी सात ते नऊ वर्ग चालवले तर दोन स्तर पुढे सरकतात. उन्हाच्या आत सुटलं पाहिजे, नाहीतर कुणी येत नाही. दहावी अर्धवट सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) आहे, पण तो पावसाळ्यातच विचारून ठेवा.

---

सिंदफणा

सगळ्यांनी फार कामाचं लिहिलं. शेवटी लेकरांच्या यादीच्या वहीचा नमुना सांगते. शंभर पानी आडवी वही, एका पानावर एकच लेकरू. वरच्या अर्ध्यात माझ्या पहिल्या प्रतिसादातले रकाने. खाली सहा महिन्यांचे सहा चौकोन, प्रत्येकात महिन्याच्या दहा तारखेला फोन करून एकच ओळ: कुठं आहे, शाळेत जातं का, आजारी आहे का. फोन बापाला संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा तो फडात असतो. लागला नाही तर मुकादमाला.

सगळ्यात खाली एक रकाना: ‘परत आलं’ आणि तारीख. १५ एप्रिलला वही उघडायची. ज्या पानावर तो रकाना रिकामा आहे त्या घरी त्याच आठवड्यात जायचं. कुटुंब आलं असेल आणि लेकरू आलं नसेल, तर ते कुठं राहिलं हे दारात उभं राहून नाही, आत बसून, पाणी घेऊन विचारायचं.